मेहुण्याची तयारी

मास्तरांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नव्हतं. त्यांचं गाडी शिकवायचं छोटं दुकान होतं. दोन्ही बाजूंना खरचटलेली एक पांढरी गाडी, तिच्या टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी, आणि शेजारच्या सीटसमोर मास्तरांच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक. अर्धं शहर त्यांच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकलं होतं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. रोज नवशिक्यांच्या हाती आपला जीव द्यायचा आणि तरी आवाज चढू द्यायचा नाही, हा त्यांचा धंदा. त्यामुळे घरी आल्यावर तो आवाज जरा लवकर चढायचा. बायको म्हणायची, “दिवसभराचं साठवून ठेवता आणि माझ्यावर काढता.” ते काही खोटं नव्हतं.

अशा माणसाच्या घरी बारक्या राहायला आला.

बारक्या म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चार बहिणींच्या पाठीवरचं शेंडेफळ. लहानपणी काडीसारखा होता म्हणून ते नाव पडलं. आता दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे, तरी नाव तेच. सैन्याच्या भरतीत त्याची निवड झाली होती. कशी झाली, हे मास्तरांना न सुटलेलं कोडं होतं. बारक्या स्वतः सांगायचा की धावण्याच्या चाचणीत पुढे पळणाऱ्या एका मुलाशी त्याच्या गप्पा रंगल्या होत्या, आणि त्या अर्धवट सोडवेनात म्हणून तो शेवटपर्यंत त्याच्या मागे पळत राहिला. लेखी परीक्षेचं मास्तरांनी विचारलंच नाही.

प्रशिक्षण सुरू व्हायला दोन महिने होते. तोवर अंग तयार करून या, रोज धावा, जड बूट घालून चालायची सवय करा, पहाटे उठा, आपले कपडे आपण धुवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात परत जाल, असं भरतीवाल्यांनी बजावलं होतं. सासूबाईंच्या घरी यातलं काहीच होणं शक्य नव्हतं. तिथे बारक्याला संत्रंसुद्धा सोलून मिळायचं. शेवटी सासऱ्यांनी, जे एरवी तोंड फक्त जेवायला उघडत, फोन केला. “जावईबापू, पोराला तुमच्याकडे पाठवतोय. तुम्ही माणसं शिकवता.”

मास्तर फुशारले. ती त्यांची पहिली चूक.

पहिल्या सकाळी त्यांनी बारक्याला हाक मारली. मग हलवलं. मग पांघरूण ओढलं. बारक्याने डोळे न उघडता, अत्यंत प्रेमाने विचारलं, “भाऊजी, तुम्हाला झोप नाही का येत? ताईला सांगा, गरम दूध देईल.”

“ऊठ! पळायला जायचंय.”

“जाऊ की. उजाडू तर द्या.”

“उजाडलंय!”

स्वयंपाकघरातून बायको आली. “अहो, काल प्रवास करून आलंय पोर. आजच्या दिवस झोपू द्या.”

हे ‘आजच्या दिवस’ पुढचे सहा दिवस चाललं. एकदा पोटात गुबारा धरला, एकदा रात्री नीट झोप लागली नाही, एकदा बाहेर गार होतं. सातव्या दिवशी मास्तरांनी ओला टॉवेल वापरला. त्यावर संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला, की पोराला सर्दी झाली तर जबाबदार कोण? ही बातमी एवढ्या लांब इतक्या लवकर कशी पोचली, हे विचारायची गरज नव्हती. बायको मास्तरांची नजर चुकवून भांडी लावत होती.

मग बुटांचं प्रकरण झालं. मास्तरांनी बाजारातून जाड तळाचे, घोट्याच्या वर येणारे बूट आणले आणि फर्मान काढलं, की दिवसभर हेच पायात राहतील, घरातसुद्धा. बारक्याची ना नव्हती. त्याची कशालाच ना नसायची, हीच तर पंचाईत होती. तो बूट घालून खोल्याखोल्यांतून फिरू लागला. खालच्या मजल्यावर एक घड्याळजी राहायचे. डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने घड्याळाचे दाण्याएवढे स्क्रू बसवायचं काम ते घरीच करत. दुसऱ्याच दिवशी ते वर आले. भिंग अजून कपाळावर होतं.

“मास्तर, तुमच्या घरात घोडा बांधलाय का?”

“मेहुणा आहे.”

“मग त्याला दुसरीकडे बांधा. माझ्या टेबलावर सगळं उड्या मारतंय. सकाळपासून एक स्क्रू शोधतोय.”

बारक्याला फार वाईट वाटलं. तो घड्याळजींबरोबर खाली गेला, जमिनीवर पालथा पडून त्याने तो स्क्रू शोधून दिला, आणि मग तिथेच बसला. संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा खालच्या खोलीत दोघांच्या गप्पांना ऊत आला होता आणि बूट दाराबाहेर काढून ठेवलेले होते.

तरी एक गोष्ट जमली, असं मास्तरांना वाटत होतं. दुसऱ्या आठवड्यापासून बारक्या धावायला जाऊ लागला होता. मास्तर त्याला जिना उतरवून देत, तो कोपऱ्यावरून दिसेनासा होई, आणि तासाभराने घामाने निथळत परत येई. बायको कौतुकाने पंखा लावायची. मास्तरही मनात म्हणायचे, चला, गाडी सुरू तर झाली.

त्या आठवड्यात मास्तरांकडे एक नवीन शिकाऊ आल्या होत्या, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्यांचे यजमान हयातभर गाडी चालवत आणि बाई शेजारी बसून सूचना करत. ते गेल्यावर गाडी दारात नुसती धूळ खात होती, म्हणून बाईंनी शिकायचं ठरवलं. हजार मुलींना एका नजरेत गप्प करणाऱ्या या बाई स्टिअरिंगवर बसल्या की थरथरायच्या. पहिल्या गिअरच्या पुढे त्या गेल्याच नव्हत्या. दुसरा टाका म्हटलं की म्हणायच्या, “घाई काय आहे?”

सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर बाईंची गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. बेकरीवरून जाताना मास्तरांची नजर आत गेली. बारक्या खुर्चीवर बसला होता, दुसऱ्या खुर्चीवर पाय टाकून. समोर चहा, हातात टोस्ट. बेकरीवाला कोपरांवर रेलून त्याचं काहीतरी ऐकत हसत होता. मास्तरांच्या डोळ्यांदेखत बारक्याने टोस्ट संपवला, टेबलावरच्या जगमधलं पाणी ओंजळीत घेतलं आणि केसांवर, मानेवर, बनियनवर नीट शिंपडलं.

मास्तरांचा पाय आपसूकच ब्रेकवर आपटला. गाडी गचकन थांबली. बाईंनी स्टिअरिंगला मिठी मारली. “माझं काय चुकलं?”

“तुमचं काही नाही चुकलं, बाई. चुकलं ते माझ्या सासऱ्यांचं.”

त्या दिवशी घरात जे झालं ते घड्याळजींनी खालून शब्दन् शब्द ऐकलं. बारक्याने सगळं कबूल केलं. “भाऊजी, एकट्याने पळायला फार कंटाळा येतो हो. बोलायला कुणी नाही.”

“पळायचंय तुला! बोलायचं कशाला?”

“रागावू नका ना त्याच्यावर,” बायको म्हणाली. “लपवलं का त्याने काही? विचारलं तर खरं सांगितलं.”

मास्तरांनी कपाळावर हात मारला. पण रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांना सुचलं. बाईंना हळू चालवायला रिकामा रस्ता लागतो. बारक्याला मागे कुणीतरी लागतं. तेव्हा दुसऱ्या दिवसापासून गोदामांमागच्या सरळ रस्त्यावर, पुढे बारक्या आणि मागे ‘शिकाऊ’ पाटीची पांढरी गाडी, अशी वरात निघू लागली.

हे मात्र चाललं. गाडी मागे गुरगुरत असली की बारक्याला थांबता येईना. बाईंच्याही लक्षात आलं की हा रेंगाळला की रागवायला आपल्याला आवडतं, आणि रागावताना आपले हात थरथरत नाहीत. त्या खिडकीतून मान काढून ओरडायच्या, “मागे बघू नकोस! समोर बघ! खांदे ताठ!” गोदामाचे हमाल सकाळी पोती उतरवायचं थांबवून बघायला उभे राहायचे. बारक्या पळतापळता त्यांच्याशीही बोलायचा. मास्तरांना वाटायचं, शहरातल्या सगळ्या वेड्यांचा मक्ता आपल्यालाच मिळालाय. पण पोराचा दम वाढत होता, हेही त्यांना दिसत होतं. बूट पायाला बसले होते. एक दिवस त्याने स्वतःचा शर्ट स्वतः धुतला. त्यात बायकोची साडी निळी झाली, तो भाग वेगळा.

जायला तीन आठवडे उरले असताना बाईंनी दुसरा गिअर टाकला. त्यांनी आपणहून टाकला. क्लच दाबला, दांडा ओढला, आणि गाडी एक हिसका न देता वेग घेऊ लागली. मास्तर “शाब्बास!” म्हणाले. बाई लहान मुलीसारख्या ओरडल्या, “पडला! दुसरा पडला!”

ते बारक्याने ऐकलं. तो वळला, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवू लागला, आणि तसाच उलटा पळू लागला. “बाई, एक नंबर! बाई, एकच नंबर!”

मास्तरांनी वेळेत ब्रेक दाबला. गाडी त्याच्यापासून चांगली लांब थांबली. गाडीने काहीच केलं नाही. जे केलं ते बारक्याने केलं. टाळ्या वाजवत तो रस्ता सोडून कडेला गेला आणि पाठमोरा नालीत पडला.

घोटा हाताएवढा सुजला. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पण आतला सांधा चांगलाच ताणलाय. प्लास्टर घालावं लागेल, आणि ते निघाल्यावरही महिनाभर पळायचं नाव नको. म्हणजे बारक्याचं जाणं बोंबललं. सासूबाईंनी फोनवरून गाडीला दोष दिला. बायकोने मास्तरांना दिला. मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतःला दिला आणि रोज फळं घेऊन येऊ लागल्या. बारक्याला दोष द्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, आणि मास्तरांनी तो दिला तर बायको दोन दिवस बोलली नाही.

मास्तर मनात म्हणाले, स्वारीचं फावलं. आता उशीवर पाय ठेवून लोळेल, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारेल, बिनघोर.

पण बारक्या गप्प झाला. बाई आल्या तरी हो-नाही पलीकडे शब्द नाही. घड्याळजी आपणहून वर आले, त्यांनाही नुसता हसला. सोललेलं संत्रं ताटलीत तसंच सुकून गेलं. त्याच्या बडबडीने जेवढा वैताग आला होता, त्याहून जास्त मास्तरांना या शांततेचा आला. तिसऱ्या दिवशी ते त्याच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले.

“काय झालंय? बोल काहीतरी. घर खायला उठलंय.”

बारक्या प्लास्टरकडे बघत म्हणाला, “भाऊजी, मला जायचं होतं.”

“होतं ना? मग बेकरीत काय करत होतास?”

“तेव्हा जाणार हे नक्की होतं. म्हणून वाटायचं, आज राहू दे, उद्या पळू. घरी मला कुणी काही करूच देत नाही. पेला उचलला तर चार जणी धावतात. तुम्ही एकटेच माझ्यावर ओरडता. तिथे सगळेच ओरडतील, म्हणून मला जायचं होतं. आणि तिथे मला कुणी बारक्या म्हणणार नाही. माझं खरं नाव आजोबांचं आहे. चांगलं भारदस्त. ते फक्त कागदावरच वापरलं जातं.”

इतके दिवस मास्तरांना हा पोरगा निव्वळ आळशी वाटत होता. आळशी तो होताच, त्यात वाद नाही. ते उठून बाहेर गेले आणि उगीचच बायकोवर ओरडले, की खोलीतला दिवा का जळतोय.

दुसऱ्या दिवशी गाडीचे सगळे धडे रद्द करून ते भरतीच्या कार्यालयात गेले. पहिल्या खिडकीने दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं. दुसरीवरचा माणूस जेवायला गेला होता. तिसरीवर सांगितलं, उमेदवाराला स्वतःला घेऊन या. मास्तर म्हणाले, “अहो, त्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे, तेच तर सांगायला आलोय.” मग पाय बरा झाल्यावर आणा, असं उत्तर मिळालं. मास्तरांचा आवाज असा चढला की आतून एक प्रौढ अधिकारी बाहेर आल्या. चष्मा खाली ओढून त्यांनी डॉक्टरांचा दाखला वाचला.

“तुम्ही याचे वडील?”

“नाही. बहिणीचा नवरा.”

“वडील नाहीत का त्याला?”

“आहेत की. ठणठणीत आहेत.”

“मग तुम्ही कशाला एवढे भांडताय?”

खरंच, कशाला? पोरगा घरी परत गेला असता, सकाळची झोप परत आली असती, घड्याळजी खूश झाले असते. मास्तर म्हणाले, “मला माहीत नाही, मॅडम. पण त्याला जायचंय.”

अधिकारीबाईंनी दाखल्यावर काहीतरी लिहिलं. पुढच्या तुकडीबरोबर येऊ दे, म्हणाल्या, पण वैद्यकीय तपासणी पुन्हा होईल, आणि पाय लंगडला तर वशिला चालणार नाही.

पुढची तुकडी पाच महिन्यांनी होती. ही आनंदाची बातमी घेऊन मास्तर घरी परतले आणि जिना चढताना त्यांच्या ध्यानात आलं, की आपण भांडून, खिडक्यांच्या रांगा धरून, मेहुण्याचा मुक्काम पाच महिन्यांनी वाढवून आणलाय.

ते पाच महिने वेगळ्याच तऱ्हेने गेले. प्लास्टर निघाल्यावर बारक्या तयारीला असा लागला, की मास्तरांना जुना बारक्या बरा वाटू लागला. अंधारातच उठायचा आणि मास्तरांनाही उठवायचा. गादीची चादर इतकी ताणून घालायचा, की ती उपसून काढायला बायकोला जोर लावावा लागे. रिकाम्या बादल्यांत वाळू भरून जिना चढायचा. आता घड्याळजींची तक्रार अशी, की तो गप्पा मारायला येतच नाही. बायको म्हणायची, “पोराची हाडं दिसायला लागली. सगळं तुमच्यामुळे.” मुख्याध्यापिकाबाई मधल्या काळात परवान्याची परीक्षा पास झाल्या आणि स्वतःच्या गाडीतून एकट्या फिरू लागल्या, तिसऱ्या गिअरपर्यंत.

जायच्या दिवशी मास्तर, बायको आणि बारक्या असे तिघं त्याच पांढऱ्या गाडीने निघाले. प्रशिक्षण केंद्र शहराबाहेर होतं. फाटकासमोर बरीच माणसं होती. ट्रंका, पिशव्या, डोळे पुसणाऱ्या आया, घड्याळात बघणारे बाप. नातेवाइकांनी पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबायचं होतं. पट्ट्याच्या पलीकडे पोरांची रांग लागली आणि बारक्याने लगेच पुढच्या आणि मागच्या दोघांशी ओळख करून घेतली.

एक हवालदार नावं पुकारू लागला. एकेक पोरगा “हजर!” म्हणून पुढे सरकत होता. मग हवालदाराने एक भारदस्त, जुन्या वळणाचं नाव पुकारलं. कुणी हललं नाही. त्याने पुन्हा पुकारलं, मोठ्याने. बारक्या मागे वळून कुणाला तरी काहीतरी हातवारे करून सांगत होता. हवालदाराच्या मानेची शीर फुगली. “हा कुठला नवाब आहे?”

मास्तरांना राहवलं नाही. त्यांच्या तोंडातून निघून गेलं, “अरे बारक्या, तुलाच बोलावतायत!”

साऱ्या मैदानाने ऐकलं. एवढा आडमाप पोरगा रांगेतून दचकून बाहेर आला, आणि रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खसखस पिकली. हवालदारसुद्धा मिशीत हसला. “या, बारक्यासाहेब, या.” मास्तरांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बायकोने त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला, की चार दिवस वण राहिला.

बारक्याने वळून मास्तरांकडे पाहिलं. रागावला होता की हसत होता, ते एवढ्या लांबून कळलं नाही. मग तो आत गेला.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर तो टिकला. पहिला आला नाही, शेवटचाही नाही. मध्ये एकदा रडवेला फोन आला होता. सासूबाई त्याला आणायला निघाल्या होत्या, सासऱ्यांनी त्यांना दारात अडवलं. नऊ महिन्यांनी गणवेशात शपथ घेतली तेव्हा अख्खं घर जाऊन आलं. तुकडीतली पोरं, कवायत शिकवणारे उस्ताद, आचारीसुद्धा त्याला काय म्हणत होते, ते सांगायला नको.

पण त्या पहिल्या दिवशी फाटकावरून परत येताना यातलं काही ठाऊक नव्हतं. मास्तर गाडी चालवत होते, बायको खिडकीबाहेर बघत नाक पुसत होती. बऱ्याच वेळाने तिचा पाय कशाला तरी लागला. तिने वाकून उचललं. कागदात बांधलेली उकडलेली अंडी आणि मिठाची पुडी. सकाळी बारक्यासाठी बांधून दिली होती.

“अहो, तुम्ही दिली नाहीत?”

“मी? तुझ्या हातात होती ना!”

“मी तुम्हाला म्हटलं, उतरताना आठवणीने द्या.”

“कधी म्हणालीस? रडत होतीस तू. रडताना तू जे बोलतेस ते कुणाला कळतं?”

“म्हणजे पोरगं उपाशी गेलं.”

“तिथे काय उपाशी ठेवणार आहेत?”

“पहिल्या दिवशी कोण विचारतं?”

मास्तरांनी गाडी रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली घेतली. बायकोने पुडी उघडली, एक अंडं सोललं, मीठ लावलं आणि त्यांच्या पुढे धरलं. मास्तरांनी ते घेतलं. दुसरं तिने स्वतः सोललं. अंडी संपेपर्यंत चूक कुणाची यावरून दोघांचं भांडण चालू होतं, आणि दोघांपैकी कुणालाही घरी जायची घाई नव्हती.